रस्त्याकडची खोली

"काकू, वरच्या टाकीचं पाणी आता वेळेवर येतंय, फक्त..." एवढं बोलून ती थांबली. काही आठवायचं होतं म्हणून नव्हे. खाली चौकातला सिग्नल सुटला होता. एक ट्रक पहिल्या गिअरमध्ये घरघरत उठला, त्याच्या मागं एसटी, मग दुचाक्यांचा लोंढा. तेवढा वेळ ती चहाचा ट्रे हातात धरून उभी राहिली. चेहऱ्यावर त्रागा नाही, कंटाळाही नाही. नळाखाली लावलेली कळशी भरेपर्यंत आपण उभे राहतो, तशी. आवाज ओसरला आणि तिनं वाक्य सोडलं होतं तिथूनच उचललं, "...फक्त बेसिनचा नळ टपकतोय. आणि साखर कमी घातलीय हं तुमच्यात."

आमच्या भाडेकरूकडं भाडेकराराच्या नूतनीकरणाला गेले होते मी. गणपती उठून चार दिवस झाले असतील. अकरा महिन्यांचा करार, सहाव्यांदा. अंगठ्याचं मशिन आणि लॅपटॉप घेऊन येणारा मुलगा दिवाणावर बसून कलमं वाचून दाखवत होता, म्हणजे खरं तर ओरडतच होता. माझा अंगठा त्या काचेवर उमटत नव्हता. "काकू, पदराला पुसा आणि जरा दाबा," असं तो दोनदा म्हणाला, दोन्ही वेळा मला अर्धंच ऐकू आलं. यात नवीन काहीच नव्हतं. पाच वर्षं मी या घरात येते-जाते. पण त्या दिवशी तिचं ते मधेच थांबणं माझ्या लक्षात आलं आणि मग मनातून जाईना. घरी येऊन कुकर लावला, देवाजवळ दिवा लावला, तरी ती ट्रे धरून उभी.

कारण ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं. त्यातली आठ वर्षं मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या शाळेत गेली. कौलारू इमारत, रस्त्याकडं तिसरीचा वर्ग, खिडक्यांना नुसते गज. कविता म्हणताना गाडी आली की मी थांबायचे, मुलं थांबायची, गाडी गेली की पुढची ओळ. पाढेसुद्धा आम्ही असे तुकड्यांत म्हटलेत. त्या वर्गातली मुलं मैदानावर, देवळात, दवाखान्यात, कुठंही मोठ्यानंच बोलायची. बदली होऊन आतल्या गावच्या शाळेत गेले, तेव्हा पहिल्या आठवड्यात एका पोरानं विचारलं होतं, "बाई, तुम्ही रागावलाय का?" मी रागावले नव्हते. आठ वर्षांत माझा आवाजच तसा झाला होता. हे सगळं ज्या बाईला माहीत होतं, तिनंच पुढं चौकातलं घर विकत घेतलं आणि दुसऱ्याला राहायला दिलं.

ते कसं घेतलं, हे सांगायचं तर पाण्यापासून सुरुवात करावी लागते.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. माजघराच्या भिंतीवर सासऱ्यांनी 2005 च्या पुराची रेघ पेन्सिलनं मारून ठेवली होती. पाहुणे आले की ते हात लावून दाखवायचे, जणू नातवाची उंची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी त्या रेघेच्याही वर गेलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं होतं. सांगलीकराला हे आकडे पाठ असतात, इतर गावांत लोकांना सोन्याचा भाव पाठ असतो तसे. पाणी ओसरल्यावर आम्ही दार ढकललं तर ते फुगून बसलेलं. आत वीतभर गाळ, त्यात माझ्या लग्नातला शालू, हळदीची पोती उघडी पडल्यासारखा कुबट वास, आणि फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकलेला. यांनी काही न बोलता खराटा घेतला. संध्याकाळी पायरीवर बसून म्हणाले, "आता एक घर असं पाहिजे, जिथं पाणी येत नाही."

एवढी एकच अट होती. त्या वर्षी निम्म्या गावभागाची, खणभागाची, मारुती चौकातल्या लोकांची हीच अट होती आणि जो तो विश्रामबागेकडं बघत होता. सांगली-मिरज रस्त्याच्या बाजूला जमीन चढाची. तिथं जागा घ्यायची, भाड्यानं द्यायची, पेन्शनला जोड होईल, आणि कधी वेळ आलीच तर डोक्यावर कोरडं छप्पर. यांचे निवृत्तीचे पैसे आले होते. बघता बघता टाळेबंदी आली. आणि आम्ही तो फ्लॅट पहिल्यांदा बघितला तो जुलै 2020 मध्ये.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं असं म्हणवत नाही, कारण पाखरंच तेवढी होती. चौकात मधोमध कुत्री झोपलेली. दुभाजकावरच्या कण्हेरीवर बुलबुल बोलत होता आणि तो दुसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येत होता. मी गॅलरीत उभी राहून यांना म्हटलंसुद्धा, "किती मोकळं आहे हो इथं." एजंट म्हणाला, आतल्या गल्लीत हाच फ्लॅट तीन लाख जादा. आम्हाला वाटलं, स्वस्तात मिळतोय. मुद्रांक शुल्कात सप्टेंबर ते डिसेंबरपर्यंत 3 टक्क्यांची सूट मिळाली होती, तेव्हा जो तो घाई करत होता. आम्हीही केली. कागदपत्रांत मात्र कसूर ठेवली नाही. वकिलांकडून तीस वर्षांच्या मालकीहक्काचा सर्च काढला, महापालिकेच्या विकास आराखड्यात रस्ता किती रुंद होणार आणि इमारतीची भिंत त्यात जाते का ते बघितलं, भोगवटा प्रमाणपत्र बघितलं, पार्किंग मोजलं. सगळं डोळ्यांनी बघितलं. कानांनी काही बघितलं नाही.

डिसेंबरमध्ये दस्त झाला तोवर रस्ता बराचसा जागा झाला होता. किल्ली घेऊन गेलो तर हॉलमध्ये एकमेकांशी बोलताना आम्हाला जवळ सरकावं लागलं. मी जरा गप्प झाले. एजंटला ते कळलं असावं. चांगला माणूस होता, आम्हाला फसवावं असा नव्हता. तो म्हणाला, "काकू, आपल्याला कुठं राहायचंय? भाड्यानं तर द्यायचंय. आणि चौकातलं घर एक दिवस रिकामं राहणार नाही, लिहून देतो."

आपल्याला कुठं राहायचंय.

ते वाक्य ऐकून मला खरंच बरं वाटलं होतं. आजही ते मला खोटं वाटत नाही, व्यवहार म्हणून ते बरोबरच आहे. बसचा थांबा खाली, रिक्षा चोवीस तास, औषधाचं दुकान समोर, मिरजेचे दवाखाने दहा-पंधरा मिनिटांवर, पलीकडं विलिंग्डन आणि वालचंद ही कॉलेजं. ज्याला रोज सकाळी कामावर धावायचंय त्याला आतल्या गल्लीची शांतता परवडत नाही. फेब्रुवारीत हे कुटुंब आलं. तो मिरजेत एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, रात्रपाळीही असते. ती तेव्हा नुकतीच बाळंत झालेली, मांडीवर तीन महिन्यांची मुलगी. घर बघताना तिनं फक्त दोन प्रश्न विचारले. पाणी किती वाजता येतं आणि गॅलरीत ऊन येतं का. तुळस ठेवायची होती तिला. आवाजाचं तिनंही विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं, तिला चालतंय. आता वाटतं, दवाखान्यापासून तेवढ्या अंतरावर साडेनऊ हजारांत दुसरं काही मिळत नसेल तर विचारून करायचं काय?

मग जुलै 2021. गुरुवारपासून पाऊस लागला तो थांबेना, कोयनेतून पाणी सुटल्याच्या बातम्या, आणि महापालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत फिरू लागली. आम्ही शहाणे झालो होतो. गाद्या, कपडे, देव, कागदपत्रं सगळं माळ्यावर चढवलं. मुलगा पुण्यात, रस्ते बंद. कुणाकडं जावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. "काकू, इकडं या. घर तुमचंच आहे."

पाच रात्री राहिलो आम्ही. भाडेकरूच्या घरी घरमालक. त्यांनी आम्हाला आतली, बोळाकडची खोली दिली. मी म्हटलं, आम्ही हॉलमध्ये झोपतो, तर तिनं ऐकलं नाही. आतल्या खोलीतही पहिल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. गावभागातल्या घरात मला रात्री काय ऐकू येतं? घुशीची खुडबुड, पहाटे देवळातली घंटा, लांबून कुणाचं तरी खोकणं. इथं अंथरूण जमिनीवर होतं आणि जमीन हलत होती. अवजड गाडी गेली की फरशीतून थरथर यायची, तांब्यावरचं फुलपात्र किणकिणायचं. ब्रेकची हवा सुटायची ती अगदी कानात कुणी फुंकर मारावी तशी. सकाळी मी तिला म्हटलं, "पुरामुळं गाड्या फार वाढल्यात गं." ती हसली. "नाही हो काकू, निम्मा रस्ता बंद आहे. हे काहीच नाही. हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर येतात ना, दोन-दोन ट्रॉल्या आणि वर स्पीकर. मग बघा."

तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले. दोन वाजले असतील. स्वयंपाकघरात जायचं तर रस्त्याकडच्या खोलीवरून जावं लागतं, दार लोटलेलं होतं, पुरतं लागलेलं नव्हतं. तो रात्रपाळीला गेला होता. ती बाळाला कुशीत घेऊन भिंतीकडं तोंड करून झोपली होती. चौकात वळणाऱ्या प्रत्येक गाडीचा प्रकाश खिडकीतून आत यायचा, छतावरून सरकत भिंतीवर उतरायचा, तिच्या पाठीवरून जायचा आणि कोपऱ्यात विझायचा. एक गेला की दुसरा. बाळाच्या कानांत कापसाचे बोळे होते. आपल्याकडं थंडीवाऱ्याला घालतातच बोळे, पण हे जाड होते, आणि वरून तिनं आपला तळवा बाळाच्या कानावर झाकणासारखा ठेवला होता. झोपेतही तो हात निघाला नव्हता. एक डंपर गेला. बाळाच्या पापण्या हलल्या, ओठ हलले, पण ते उठलं नाही. मी पाणी न पिताच परत आले.

या घटनेनंतर मी लगेच काहीतरी केलं असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नाही केलं. पूर ओसरला. आमच्या घरातला गाळ या वेळी 2019 पेक्षा कमी होता, तरी तो होताच. तो काढण्यात महिना गेला. मी तिला साडी घेतली, बाळाला चांदीचे वाळे घेतले, आणि मनाला सांगितलं की फेडलं. दर करारात भाडं थोडं वाढवत गेलो, एजंट म्हणायचा दहा टक्के वाढवा, आम्ही चार-पाच वाढवायचो आणि त्यालाच चांगुलपणा समजायचो. आणि हेही खरं की त्या घरानं आम्हाला कोरडं ठेवलं. पुराच्या त्या पाच रात्री मी झोपले नाही, पण भिजलेही नाही. त्या जागेचा मला राग येत नाही. बँकेत पैसे ठेवले असते तर चार पैसे जास्तच मिळाले असते, पण बँक रात्री आसरा देत नाही.

यंदा मात्र ते वाक्य मधेच थांबलं आणि मला सगळं एकदम आठवलं. शिवाय त्या दिवशी अजून एक झालं होतं. मुलगी आता पाच वर्षांची होत आली आहे. मी निघताना ती चित्र दाखवायला आली आणि एवढ्या मोठ्यानं बोलली की अंगठ्याच्या मशिनवाला दचकला. आई म्हणाली, "शाळेतनं रोज चिठ्ठी येते काकू, हळू बोलायला शिकवा म्हणून." मी त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. बत्तीस वर्षांत अशी कितीतरी मुलं मी बघितली, त्यांना मीही 'हळू बोल' म्हटलं. त्यांची घरं कुठं आहेत ते कधी विचारलं नाही.

वालचंदला शिकणाऱ्या भाच्याला घेऊन पुढच्या आठवड्यात रात्री गेले. त्याच्या फोनमध्ये आवाज मोजायची सोय आहे. अशा मोजणीला सरकारी किंमत नाही, पण अंदाज येतो. नियमाप्रमाणं राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये, दिवसा 55. हे नियम 2000 सालापासून आहेत. साडेअकराला रस्त्याकडच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, आकडा सत्तरच्या वर नाचत होता. खिडकी लावली तरी साठाच्या खाली उतरेना. भाच्यानं समजावलं की 10 डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट होते, कानाला मात्र साधारण दुप्पट वाटतं. मग त्यानं ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या फटीवर उदबत्ती धरली. धूर सरळ वर जाण्याऐवजी आत वळला. जिथून हवा येते तिथून आवाज येतो, मावशी, असं म्हणून त्यानं खिडकीची झिजलेली ब्रशपट्टी बोटानं उचकटून दाखवली. पट्टीवर काळं मऊ काहीतरी होतं, काजळीसारखं. तिच्या तुळशीच्या पानांवरही तेच असतं. ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसते, हे मला तोवर माहीत नव्हतं. फडकं गॅलरीच्या दांडीवर वाळत होतं, मूळचा रंग ओळखू न येणारं.

यांच्याशी बोलले. दोन खिडक्या आणि गॅलरीचं दार, दुहेरी काचेचं, घट्ट बसणाऱ्या चौकटीचं. खर्च जवळजवळ सहा महिन्यांच्या भाड्याएवढा. हे म्हणाले, मग भाडं वाढवावं लागेल. मी म्हटलं, नाही. त्यावर दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी जेवताना यांनी विचारलं, "तुला त्या पाच रात्री झोप लागली होती का?" मी म्हटलं, नाही. "मलाही नव्हती," म्हणाले, आणि ताटातला भात कालवत राहिले. एवढी वर्षं दोघंही एकमेकांना सांगत होतो की मस्त झोपलो होतो, त्या पोरांनी चांगली सोय केली होती.

दिवाळीच्या आधी खिडक्या बसल्या. भाडं आहे तेवढंच ठेवलं. कारागिरानं शेवटची चौकट बसवून खटका लावला तेव्हा मी तिथंच होते. रस्ता एकदम लांब गेला. पुरता गेला नाही, पण पलीकडच्या वाडीत कुठंतरी गाड्या चालल्यात, असा झाला. घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ती म्हणाली, "अय्या, हे चालू होतं होय!" मुलगी मोठ्यानं काहीतरी बोलली आणि स्वतःचाच आवाज ऐकून तोंडावर हात ठेवून हसली. उसाचा हंगाम त्या खिडक्यांनी निभावला, निदान रात्रीचा. तिचा नवरा रात्रपाळी करून आला की आता दुपारी बारापर्यंत झोपतो, असं तिनं फोनवर आवर्जून सांगितलं.

पण खिडकी लावली तरच ती खिडकी. चैत्रात हळदीकुंकवाला तिच्याकडं गेले तर पारा चाळिशीला टेकलेला, वीज गेलेली, खिडक्या आणि गॅलरीचं दार सताड उघडं. नाही उघडायचं तर काय उकडून घ्यायचं? वातानुकूलन त्यांना परवडत नाही, आणि आम्हालाही. तिनं कैरीची डाळ आणि पन्हं पुढं ठेवलं. गौरीपुढं कलिंगडाचं कमळ कापून ठेवलं होतं, त्यावर बारीक धूळ बसू नये म्हणून मलमलचं फडकं. तुळस पुसलेली. मी ओटी घेतली, पन्ह्याचा घोट घेतला आणि तिला विचारलं की पोरगी पुढच्या वर्षी कुठल्या शाळेत घालणार. ती म्हणाली, "बघतोय काकू, यांचं म्हणणं आहे की जरा आतल्या बाजूला..."

खाली सिग्नल सुटला. तिनं वाटी हातात धरली. मीही पेला खाली ठेवला नाही. ट्रक गेला, त्याच्या मागची एसटी गेली, मग दुचाक्या. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत वाट बघत होतो.